परमा : पुरुषाचा रोग, बाईची तपासणी

या वीकेंडचा विषय जरा अवघड आहे. म्हणजे समजायला सोपा आहे, चारचौघांत बोलायला अवघड. पण लोकलने जाणाऱ्या कुणालाही तो नवीन नाही. डब्याच्या दाराजवळ पत्र्यावर चिकटवलेले ते छोटे कागद आपण सगळ्यांनी वाचलेले असतात. गुप्तरोग, धातू जाणे, लघवीत जळजळ, कमजोरी, एकदा अवश्य भेटा. खाली मोबाईल नंबर. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आणि पुढे मेट्रोने अंधेरी असा माझा रोजचा प्रवास आहे. एवढ्या वर्षांत तो कागद वाचताना मी कुणाला पकडलेलं नाही. पण वाचलेला मात्र सगळ्यांनी असतो!

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण एखादी गोष्ट कुठून सुरू झाली हे शोधत बसायची खोड आहे. "लघवीत जळजळ" या दोन शब्दांच्या मागे लागलो तर मुंबईतल्या १८७० सालच्या एका कायद्यापर्यंत पोचलो, तिथून र. धों. कर्व्यांपर्यंत, आणि तिथून पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांपर्यंत. आणि या सगळ्या दीडशे वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. दुखतं पुरुषाला आणि तपासलं जातं बाईला. हा लेख त्याबद्दल आहे.

पण आधी रोग म्हणजे नक्की काय ते बघू. त्याशिवाय कायद्यातली गंमत (गंमत कसली म्हणा) कळणार नाही.

उन्हाळी, परमा आणि गरमी

मूत्राशयापासून बाहेरपर्यंत लघवी नेणारी जी नळी असते तिला मूत्रमार्ग म्हणतात. तिला सूज आली की डॉक्टर त्याला युरेथ्रायटिस म्हणतात. पुरुषांत याची लक्षणं तीन. लघवी करताना जळजळ, नळीच्या तोंडाशी खाज किंवा टोचल्यासारखं वाटणं, आणि तिथून स्राव येणं.

आपल्याकडे यासाठी जुने शब्द आहेत. उन्हात फिरून, पाणी कमी पिऊन लघवीला आग व्हायला लागली की आजी म्हणायची, "उन्हाळी लागली." मग धण्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी. त्या उन्हाळीला हे उपाय ठीकच आहेत. पण जळजळीबरोबर पू यायला लागला तर त्याला वेगळा शब्द होता, परमा. संस्कृत प्रमेहावरून आलेला. आणि ज्यात आधी चट्टा किंवा व्रण उठतो, पुढे अंगभर पसरतं, ती गरमी, म्हणजे सिफिलिस. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) परमा आणि गरमी या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की युरोपातले भलेभले डॉक्टर अठराव्या शतकात हे दोन्ही एकच रोग समजत होते. जॉन हंटर हा लंडनचा मोठा शल्यवैद्य. त्याने १७६७ मध्ये एका परम्याच्या रोग्याचा पू घेऊन निरोगी माणसाला टोचला. तो माणूस हंटर स्वतःच होता की दुसरा कुणी, यावर अजून वाद आहेत. ज्याला टोचलं त्याला परमाही झाला आणि गरमीही. हंटरने निष्कर्ष काढला, रोग एकच! खरं कारण साधं होतं. ज्याचा पू घेतला त्या रोग्याला दोन्ही रोग होते. टेस्ट डेटाच खराब. पण हंटरचं नाव एवढं मोठं की हा घोळ निस्तरायला सत्तर वर्षं गेली. पॅरिसच्या फिलिप रिकॉर्डने १८३८ मध्ये हे दोन वेगळे रोग आहेत हे बऱ्यापैकी पटवून दिलं.

तरी जंतू कुणी पाहिला नव्हता. तो पाहिला १८७९ मध्ये, ब्रेस्लाऊ शहरात, आल्बर्ट नीसर नावाच्या डॉक्टरने. पुवाला निळसर रंग देऊन नव्या सुधारलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर कॉफीच्या दाण्यांसारखे जोडीजोडीने बसलेले गोल जंतू दिसले. तेव्हा नीसर २४ वर्षांचा होता. (मी त्या वयात लॉगिन पेजचे बग काढत होतो. असो.) आज त्या जंतूला त्याच्याच नावाने ओळखतात, नायसेरिया गोनोरिया. पुढे १८८४ मध्ये ग्रॅमची रंग देण्याची पद्धत आली आणि पुरुषाच्या पुवाचा एक थेंब काचेवर घेऊन काही मिनिटांत निदान व्हायला लागलं. ही तपासणी आजही तशीच चालते.

इथे एक मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १८७९ च्या आधी जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडे परमा ओळखायची खात्रीची तपासणी नव्हती.

जंतू एकच नाही

जंतू सापडला, आता सगळं सुटलं असं वाटलं. पण बऱ्याच पुरुषांना जळजळ होती, स्राव होता आणि काचेवर ते जोडीदार गोल जंतू मात्र नव्हते. मग डॉक्टरांनी या गटाला नाव दिलं, "गोनोरिया नसलेला मूत्रमार्गदाह". आमच्याकडे कारण सापडलं नाही की एरर लॉगमध्ये "अननोन एक्सेप्शन" लिहितात, तसंच.

त्या अननोनमधला सगळ्यात मोठा आरोपी म्हणजे क्लॅमिडिया. हा जंतू पेशीच्या आत राहतो, म्हणून साध्या रंगाने दिसत नाही आणि बाहेर वाढवताही येत नाही. खुपरी नावाचा डोळ्यांचा रोग आपल्याकडे पूर्वी फार होता. त्याच्या रोग्यांच्या पेशींत १९०७ मध्ये हालबरश्टेटर आणि प्रोवाझेक यांना जावा बेटावर विचित्र ठिपके दिसले. पुढे १९५७ मध्ये बीजिंगच्या तांग फेइफान यांनी कोंबडीच्या अंड्यात हा जंतू वाढवून दाखवला. त्यानंतर तो मूत्रमार्गातही सापडला. म्हणजे एकाच जातीचा जंतू, त्याचे काही प्रकार डोळ्यांत आणि काही खाली. १९८१ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या दोन रोग्यांतून तिसरा आरोपी जाहीर झाला, मायकोप्लाझ्मा जेनिटेलियम. शिवाय ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी, कधी हर्पिस, कधी अॅडिनोव्हायरस.

लक्षणांवरून थोडाफार अंदाज येतो. गोनोरिया घाईतला गडी. संबंधानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत आग, आणि दाट पिवळा-हिरवा पू, कपड्याला डाग पडतील इतका. पुरुषाला तो कळल्याशिवाय राहत नाही. क्लॅमिडिया सावकाश, एक ते तीन आठवडे घेतो. स्राव पातळ, पांढुरका, कधी फक्त सकाळी एक थेंब. निम्म्याच्या आसपास पुरुषांना तर काहीच जाणवत नाही. आणि कैकदा दोन्ही एकत्रच असतात.

उपचार केले नाहीत तरी पुरुषाची लक्षणं बऱ्याचदा काही आठवड्यांत कमी होतात. इथेच सगळे फसतात. जंतू गेलेलाच असतो असं नाही. तो वृषणाच्या मागच्या नळीत जाऊन सूज आणतो, जुन्या काळी तर मूत्रमार्ग आकसून लघवी अडायची आणि सळई घालून मार्ग मोकळा करावा लागायचा. काहींना महिन्याभराने गुडघा सुजतो, डोळे लाल होतात, आणि याचा त्याच्याशी संबंध आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि बायकांत? बायकांत हेच जंतू बहुतेक वेळा गप्प बसतात. थोडं पांढरं जातं, कंबर दुखते. हे तर काय, सगळ्याच बायकांना होतं म्हणून सोडून दिलं जातं. जंतू मात्र वर सरकतो, गर्भनलिकांपर्यंत. तिथे सूज, मग व्रण, मग नळ्या बंद. मूल होत नाही. किंवा गर्भ नळीतच अडकतो आणि जिवावर बेततं. मूल झालंच तर जन्मताना त्याच्या डोळ्यांत जंतू जातात. म्हणून तर जर्मनीच्या क्रेडे या डॉक्टरने १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत चांदीच्या क्षाराचे थेंब घालायला सुरुवात केली आणि कितीतरी मुलं आंधळी व्हायची वाचली.

थोडक्यात, रोग बोलतो पुरुषाच्या शरीरात आणि नुकसान करतो बाईच्या शरीरात. इंजिनियरच्या भाषेत, अलार्म एका मशीनला लावलाय आणि आग दुसऱ्या मशीनला लागते. मग कुठल्याही शहाण्या माणसाने रोग शोधायला सुरुवात कुणापासून केली असती?

मुंबईचा कायदा

ब्रिटिश सरकारने सुरुवात केली बाईपासून.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत गुप्तरोग प्रचंड होते. सैनिक तरुण, बहुतेकांना लग्नाची परवानगी नाही. १८९५ च्या सुमारास तर दर हजार गोऱ्या सैनिकांमागे या रोगांसाठी इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण पाचशेच्या वर गेलं होतं. यावर उपाय म्हणून १८६८ मध्ये हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा आला. त्या वर्षीचा चौदावा कायदा. वेश्यांनी नाव नोंदवायचं, ठरलेल्या मुदतीने डॉक्टरसमोर तपासणीला जायचं, रोग आहे असं डॉक्टरला वाटलं तर "लॉक हॉस्पिटल" नावाच्या बंद इस्पितळात राहायचं. नाही गेलं तर दंड किंवा तुरुंग.

मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला. १८७२ मध्ये तो थांबवावा लागला. खर्चात महापालिकेने वाटा उचलायचा की नाही हा एक मोठा वाद होता, आणि बायकाही काही मुकाट्याने रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. बऱ्याच जणी नाव नोंदवायलाच आल्या नाहीत, कित्येक जणी घर सोडून निघून गेल्या. कायदा शहरापुरता होता. आमचं मुलुंड, घाटकोपर, तुमचं अंधेरी, बोरिवली ही तेव्हा ठाणे जिल्ह्यातली गावं होती (मुंबई उपनगर जिल्हा झाला तो १९२० मध्ये). म्हणजे ठाण्याच्या गाडीत बसलं की कायद्याची हद्द संपली. रोगाची हद्द मात्र कुठे संपत नव्हती. १८८० मध्ये कायदा पुन्हा लागू झाला आणि १८८८ मध्ये कायमचा गेला. तोसुद्धा मुख्यतः इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांच्यासारख्या बायकांनी अशा कायद्यांविरुद्ध वर्षानुवर्षं रान उठवल्यामुळे.

आता मघाचा मुद्दा आठवा. नीसरने जंतू पाहिला १८७९ मध्ये. म्हणजे १८७० ते १८७२ या काळात मुंबईत ज्या बायकांची तपासणी झाली, त्यांना परमा आहे की साधं पांढरं जातंय, हे ओळखायचं साधन तपासणाऱ्या डॉक्टरकडे नव्हतंच. डोळ्यांनी बघायचं आणि ठरवायचं. रोग असलेल्या कितीतरी जणी निरोगी ठरल्या असणार आणि निरोगी असलेल्या कितीतरी कोंडल्या गेल्या असणार. त्यात एकच उपकरण बाईमागून बाईला वापरलं आणि नीट धुतलं नाही, तर तपासणीच रोग पसरवणार. जंतूंची कल्पनाच अजून रुजायची होती.

बरं, पुरुषांचं काय? ब्रिटिश सैन्यात सैनिकांची अशी ठराविक तपासणी आधी होत असे. १८५० च्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडत गेली. कारण? सैनिकांना ती अपमानास्पद वाटते, त्यांचा स्वाभिमान दुखावतो. हे वाचल्यावर मी जागेवर पाच मिनिटं तसाच बसलो होतो. ज्याच्याकडे ढळढळीत लक्षण दिसतं, एका थेंबात कळतं, त्याला अपमान होतो म्हणून सोडलं. आणि जिच्यात काही दिसत नाही तिला पोलिसांच्या धाकाने टेबलावर झोपवलं.

शुद्ध तर्काने बघा. संसर्ग हे जाळं आहे. पुरुष आणि बाई ही त्यातली दोन टोकं. एका टोकाकडच्या काही नोड तुम्ही तपासता, बंद करता, आणि दुसरं टोक पूर्ण मोकळं. इस्पितळातून बरी होऊन आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी पुन्हा संसर्ग. हे चालणारच नव्हतं.

वांझ कोण?

याच काळात न्यूयॉर्कमध्ये एमिल नोएगेराथ नावाचा जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ होता. १८७२ मध्ये, म्हणजे मुंबईचा कायदा पहिल्यांदा थांबला त्याच वर्षी, त्याने एक प्रबंध छापला. म्हणणं असं, की लग्नाआधी परमा झालेला आणि "बरा झालेला" नवरा प्रत्यक्षात बरा झालेला नसतो. तो रोग आत दडून राहतो, बायकोला लागतो, आणि घरंदाज बायकांच्या वांझपणाचं ते मोठं कारण आहे. डॉक्टर मंडळींनी त्याला वेड्यात काढलं. प्रतिष्ठित घरातल्या नवऱ्यांवर असा आरोप म्हणजे काय! पुढे जंतू सापडला तेव्हा मूळ मुद्दा बरोबर होता हे कळलं, आकडे त्याने फुगवले होते ते सोडा.

आपल्याकडे "वांझ" हा शब्द किती घरांत किती सहज वापरला गेला ते सांगायला नको. बाईने उपास करायचे, नवस करायचे, सवतही बघायची. नवऱ्याला तरुणपणी परमा होऊन गेला होता का, हे विचारायची पद्धत नव्हती. गिरणीत काम करायला एकटा मुंबईला आलेला माणूस वर्षातून एकदा गणपतीला नाहीतर शिमग्याला गावी जायचा. तो पैसे घेऊन जायचा, कधी रोगही घेऊन जायचा. घरात दोघांनाही त्याचं नाव माहीत नसायचं. किंवा एकाला माहीत असायचं.

कर्वे मास्तरांची हिंमत

हे सगळं मराठीत, सरळ शब्दांत, लोकांच्या तोंडावर सांगणारा माणूस मुंबईतच होता. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२. गणिताचे प्राध्यापक. (गणितवाला माणूस असल्यामुळे माझा थोडा पक्षपात आहे हे मान्य.) १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं केंद्र उघडलं होतं. या कामामुळे १९२५ मध्ये विल्सन कॉलेजमधली नोकरी गेली. कॉलेजला हे काम चालणारं नव्हतं आणि कर्व्यांना ते सोडणं.

संततिनियमनासाठी ते लोकांना माहीत आहेत, पण त्यांनी "गुप्तरोगांपासून बचाव" या नावाचं पुस्तकही लिहिलं हे फारसं कुणी सांगत नाही. जुलै १९२७ मध्ये "समाजस्वास्थ्य" मासिक सुरू केलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये वारले तोपर्यंत, म्हणजे २६ वर्षं, ते चालवलं. घरात पैसा नाही, पत्नी मालतीबाईंच्या साथीवर सगळं. वाचक पत्र पाठवून प्रश्न विचारायचे आणि कर्वे उत्तरं छापायचे. त्या काळात डॉक्टरला तोंडावर विचारता येणार नाहीत असे प्रश्न.

त्यांची भूमिका सरळ होती. गुप्तरोग हा रोग आहे, पापाची शिक्षा नाही. जंतूमुळे होतो, जंतू अडवला की होत नाही, झाला तर डॉक्टरकडे जायचं. हे आज वाचताना साधं वाटतं. तेव्हा यासाठी कोर्टात उभं राहावं लागलं. १९३१ मध्ये एका लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला, शंभर रुपये दंड. १९३४ मध्ये पुन्हा खटला, या वेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. बचावाला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेलेल्या काळात बाबासाहेबांनी या केससाठी वेळ काढला, यावरून त्यांना हा प्रश्न किती महत्त्वाचा वाटत असेल ते समजतं. (अमोल पालेकरांचा २००१ चा "ध्यासपर्व" बघितला नसेल तर जरूर बघा.)

गुप्तरोग या शब्दातच "गुप्त" आहे, आणि कर्वे आयुष्यभर त्या शब्दाशीच भांडत होते असं मला वाटतं. कारण गुप्ततेचा फायदा होतो तो त्या डब्यातल्या कागदवाल्यांना. गोनोरिया हा ग्रीक शब्दसुद्धा गैरसमजातूनच आला आहे, त्याचा अर्थ होतो "बीज वाहणं". आपल्याकडे "धातू जाणे". पू म्हणजे धातू, धातू म्हणजे ताकद, ताकद गेली म्हणजे पुरुषत्व गेलं. मग माणूस अँटिबायोटिक घ्यायचं सोडून शिलाजीत घेत बसतो. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुप्तरोग बरे करण्याच्या अशा जाहिरातींवर बंदी आहे. १९५४! कागद अजून चिकटतात.

गोळी आली, पण कुणासाठी?

कर्व्यांच्या उमेदीच्या काळात औषध जवळपास नव्हतंच. चंदनाचं तेल, कंकोळ, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने नळी धुणं, चांदीचे क्षार. १९३० च्या दशकाच्या शेवटी सल्फा आलं आणि चमत्कार वाटला, पण काही वर्षांतच जंतू त्याला सरावले. १९४३-४४ पासून पेनिसिलिन. आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी देशी पेनिसिलिन निघायला लागलं. एका इंजेक्शनमध्ये परमा बरा! पण १९७६ मध्ये पेनिसिलिन मोडून टाकणारे गोनोरियाचे जंतू सापडले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन, तेही आपल्याकडे निकामी झालं. २००९ मध्ये जपानच्या क्योटोत सेफट्रायॅक्सोनलाही दाद न देणारा जंतू एका रोग्यात मिळाला. प्रत्येक पॅच आला की जंतू काही वर्षांत त्याची पळवाट काढतो. झोलीफ्लोडासिन आणि जेपोटिडासिन या दोन नव्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत २०२० च्या दशकात चांगले निकाल आले आहेत, एवढाच काय तो दिलासा.

ही पळवाट काढायला जंतूला मदत कोण करतं? केमिस्टकडून स्वतःच्या मनाने दोन गोळ्या घेणारे आपण.

माझ्या एका मित्राचं सांगतो, नाव अर्थातच नाही. कंपनीत माझ्या दोन टेबलं पलीकडे बसायचा. दहा दिवस बाटलीत सब्जा घालून पाणी पीत होता. "उन्हाळी लागलीय रे, एसीत बसून बसून." मग केमिस्टकडून काहीतरी गोळ्या आणल्या, दोन दिवसांत जळजळ गेली, तिसऱ्या आठवड्यात परत आली. शेवटी डॉक्टरकडे गेला. तपासणी झाली, क्लॅमिडिया. आठवड्याचा कोर्स, विषय संपला. पण डॉक्टरने सांगितलं, जोडीदारालाही औषध द्यायचं, आणि दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध नको. दोन महिन्यांवर लग्न आलेलं, आणि जोडीदार म्हणजे तीच. तो मला जिन्यात उभा राहून म्हणाला, "तिला तर काहीच त्रास नाहीये यार. मला बरं वाटतंय. कशाला तिच्या डोक्याला ताप?"

मी काय म्हणालो ते जाऊ दे, उपदेशच केला असेन. पण नंतर लक्षात आलं, हे वाक्य १८७२ च्या न्यूयॉर्कमधलं आहे. नोएगेराथला वेड्यात काढणारे हेच म्हणत होते. तिला काही त्रास नाही, मी बरा झालोय. तिला त्रास नाही हेच तर या रोगाचं लक्षण आहे! (त्याने सांगितलं तिला. आठ दिवस दोघं बोलत नव्हते. मग दोघांनी कोर्स घेतला.)

पुण्यातला आकडा

१९८६ पासून भारतात एचआयव्ही सापडायला लागला आणि जुना परमा अचानक महत्त्वाचा झाला. कारण साधं आहे. मूत्रमार्गाला सूज असली की विषाणूला ये-जा सोपी होते. १९९७ मध्ये मलावी देशातल्या अभ्यासात दिसलं, की एचआयव्ही असलेल्या पुरुषाला मूत्रमार्गदाह असेल तर त्याच्या वीर्यातला विषाणू आठपट असतो, आणि दाहावर उपचार केल्यावर तो खाली येतो.

आता तरी दोन्ही टोकं तपासायची ना? पण १९९० मध्ये मुंबईतल्या आठशेच्या आसपास तमिळ वेश्यांना "सुटका" म्हणून आगगाडीने तामिळनाडूत नेलं गेलं, तिथे त्यांच्या चाचण्या केल्या गेल्या, आणि ज्यांच्यात एचआयव्ही सापडला त्यांना कोंडून ठेवलं. गिऱ्हाइकांची गाडी कुठे निघाली नाही. १८७० चाच प्रोग्राम, नवं व्हर्जन.

आणि मग पुण्यातला तो अभ्यास. १९९३ ते १९९६ या काळात तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांच्या चाचण्या झाल्या. डॉ. रमण गंगाखेडकर (होय, तेच, २०२० मध्ये कोरोनाच्या पत्रकार परिषदांत रोज दिसणारे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते निष्कर्ष १९९७ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. वेश्याव्यवसायात नसलेल्या बायकांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. यातल्या बहुतेक जणी विवाहित, आयुष्यात एकच पुरुष, नवरा. त्यांच्यासाठी सर्वात मोठा धोका कोणता होता? गुप्तरोग असलेल्या जोडीदाराशी संबंध. म्हणजे त्यांचा "धोक्याचा व्यवहार" एकच होता, लग्न.

हा आकडा वाचला आणि मला वाटलं, कर्व्यांच्या मासिकाला कोर्टात खेचणाऱ्यांना हा दाखवायला हवा होता.

हळूहळू काही बदललंही. सांगलीत १९९२ मध्ये मीना शेषू यांनी "संग्राम" सुरू केलं, आणि तिथे वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच कंडोम वाटपापासून सगळं हातात घेतलं. बाई हा रोगाचा साठा आहे ही कल्पना तिथे उलटी झाली, बाई हीच आरोग्य कार्यकर्ती. सरकारी बाजूने नॅकोने "सुरक्षा क्लिनिक" काढली आणि रंगीत किट आणले. पुरुष मूत्रमार्गातून स्रावाची तक्रार घेऊन आला की करड्या रंगाचं किट. त्यात एक ग्रॅम अॅझिथ्रोमायसिन आणि चारशे मिलिग्रॅम सेफिक्सिम, म्हणजे क्लॅमिडिया आणि गोनोरिया दोघांनाही एकाच वेळी. लॅबची वाट बघायची नाही. आणि त्याच नियमात दुसरी ओळ, जोडीदारावरही उपचार करा. मला विचाराल तर किटमधल्या दोन गोळ्यांपेक्षा ती ओळ मोठी आहे. सव्वाशे वर्षांनी कुणीतरी जाळ्याची दोन्ही टोकं एका कागदावर लिहिली.

पण ती ओळ कुठल्याही सरकारला अंमलात आणता येत नाही. क्लिनिकमध्ये पुरुष एकटा येतो. गोळी घेऊन बाहेर पडल्यावर घरी जाऊन सांगायचं की नाही, हे त्यानेच ठरवायचं असतं. तिथे पोलीस नाही, कायदा नाही, आणि नसावाच. १८७० मध्ये पोलीस लावून काय झालं ते बघितलंच.

म्हणून शेवटी सरळ सांगतो, कर्व्यांसारखं. जळजळ पाण्याने एक-दोन दिवसांत गेली नाही, किंवा एक थेंब जरी स्राव दिसला, तर ती उन्हाळी नाही. केमिस्टकडे नाही, डॉक्टरकडे जा, महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचा आणि गुप्तरोगाचा विभाग असतो, तिथे हे रोजचं काम आहे. कोर्स पूर्ण करा. आणि घरी सांगा. लाज वाटेल, भांडण होईल, आठ दिवस अबोला होईल. तिच्या नळ्या बंद होण्यापेक्षा आठ दिवसांचा अबोला फार स्वस्त आहे.